ओवाळणीचा पितळी नट

१

सुलाबाई गॅरेजपाशी पोचली, तेव्हा लोक तिच्या नवऱ्याला मारत होते.

पंचवटीतली ती चिंचोळी गल्ली माणसांनी तुंबली होती. दोघांनी भिकनचे हात मागे पिरगाळले होते आणि तिसरा मोटारसायकलची सुटी चेन मुठीला गुंडाळून त्याच्या तोंडावर हाणत होता. भिकनचा ओठ फाटून लोंबत होता. हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. ते रक्त मात्र त्याचं नव्हतं.

"मी उचलायला गेलो होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "नुसता उचलायला गेलो."

अर्ध्या ओढलेल्या शटरखालून सुलाबाईनं आत पाहिलं. पाण्याच्या पिंपाशी तिचा धाकटा भाऊ सावळीराम पालथा पडला होता. डोक्याचा मागचा भाग फोडलेल्या नारळासारखा झाला होता. बाजूला हातभर लांबीचा पाना पडला होता आणि त्याच्या टोकाला केस चिकटले होते. पिंप, भिंत, टांगलेल्या टायरी, सगळ्यांवर शिंतोडे होते. माशा जमल्या होत्या.

तिच्या हातात अजून औक्षणाचं ताट होतं. निरांजन केव्हाच विझलं होतं.  ती ताट छातीशी धरून नुसती उभी राहिली, जसं काही ते खाली ठेवलं तर सगळं खरं होईल.

"बाजूला व्हा. पोराला असा कुत्र्यासारखा पडू देणार नाही मी."

गर्दी फाकवून वाल्मीकराव पुढं आले. जुन्या मोटारसायकलींच्या मंडळाचे चिटणीस, मखमलाबादकडचे द्राक्षबागायतदार, अंगात पांढरा सदरा, गळ्याभोवती उपरणं. कुणी काही म्हणायच्या आत उपरणं भिरकावून त्यांनी सावळीरामला उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकलं. फुटकं डोकं त्यांच्या पाठीवर डुगडुगलं. बाहेर येऊन त्यांनी त्याला ओट्यावर निजवलं, तेव्हा त्यांचा खांदा लाल झाला होता, कॉलर लाल झाली होती. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुडदा कोणी हलवला?"

फौजदार देवराम गांगुर्डे होते ते. सडपातळ माणूस, आवाज हळू, पण गल्ली गप्प झाली. आधी त्यांनी चेनवाल्याच्या मनगटावर काठी मारली. चेन खळ्ळकन पडली. मग भिकनला सोडवलं आणि त्याच हातांनी त्याला बेडी घातली.

"साहेब, हे असं करायचे नाहीत," सुलाबाई म्हणाली.

गांगुर्ड्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा भाऊ शर्यत पुरी करून मैदानात पोचला, हे हजार लोकांनी पाहिलं. तिथून तो इकडं आला. त्याच्यामागं या गॅरेजात एकच माणूस आल्याचं गल्ली सांगते. तो तुमचा नवरा."

२

सावळीरामला नेलं त्या दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली ती बसून राहिली, आणि सकाळ तिच्या डोळ्यांपुढं पुन्हा उगवली.

ब्याऐंशीचं साल, मार्गशीर्षाचं कोवळं ऊन. गोल्फ क्लबाच्या मैदानावर पताका लागलेल्या. इंदूरहून निघालेल्या जुन्या मोटारसायकली आग्रा रोडनं धुळं, मालेगाव, चांदवड करत यायच्या होत्या. कुणी फुशारकीनं, कुणी धापा टाकत, कुणी टेम्पोत आडवी पडून. पोरं झाडांवर चढली होती. भोंग्यावर सनई चालली होती. दर गाडीबरोबर जळक्या तेलाचा वास यायचा आणि बायाबापड्या पदर नाकाला लावून हसायच्या.

सावळीरामच्या गाडीचं नाव राणी. महायुद्धातली विलायती गाडी. देवळालीच्या लष्करी भंगारातून वडिलांनी घेतलेली. बाप गेला, राणी राहिली. सुलाबाई शाळेत शिकवायची, पण त्या दिवशी सुट्टी टाकून ताट सजवून आली होती. भिकन पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या शेजारी उभा. लांब धूळ दिसली तशी तिच्या ओठी आईची चाल आली आणि शब्द तिचे तिलाच सुचले:

*धुळीचा लोट आला, धुळीत माझा भाऊ,*
*पदराआड ज्योत, वाऱ्या नको रे येऊ.*

राणी आली. हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, नाकातोंडाला मफलर, अंगात बापाचा चामडी कोट. रेषेपाशी गाडीनं गचका खाल्ला, गियर करकरला. "आज राणी रुसली वाटतं," भिकन म्हणाला.

गर्दीनं गाडी अडवली. सुलाबाईनं ओवाळलं. कपाळाला कुंकू लावायला गॉगल वर करायला गेली, तर त्यानं मान मागं घेतली. मग तिनं हेल्मेटलाच बोट लावलं. आणि लहानपणापासूनची खोडी केली. चंदनपुरीच्या खंडेरायाचा भंडारा तिनं पुरचुंडीतून आणला होता. ती मूठभर हळद तिनं कोटाच्या कॉलरीतून थेट मानेत कोंबली. दर चंपाषष्ठीला सावळ्या यावर किंचाळायचा, "आक्के, पाठीत खाज सुटते गं." आज तो नुसता ताठ झाला. वेळेचं कार्ड पंचाच्या हातात दिलं, धुवायला जातो अशी हातानं खूण केली आणि राणी वळवून परत पंचवटीच्या वाटेनं गेला.

ताट रिकामं राहिलं.

हे तिच्या काळजाला लागलं होतं. गॅरेजात उमेदवारी करत होता, खिशात दिडकी नव्हती, त्या वर्षी सावळ्यानं भाऊबीजेला तिच्या ताटात एक पितळी नट टाकला होता. घासून घासून सोन्यासारखा केलेला. तेव्हापासून दर रॅलीच्या शेवटी तो एक नट आणायचा. तिनं ते सगळे दोऱ्यात ओवून ठेवले होते. आज भाऊ नट विसरला, म्हणून ती मैदानात उभ्या उभ्या रुसली होती. बक्षिसाची वेळ झाली तरी तो आला नाही, तेव्हा भिकनलाच म्हणाली, "तुम्हीच जा. मी नाही बोलवायची त्याला."

तिनंच पाठवलं होतं नवऱ्याला.

"बाई," हवालदार जवळ येऊन म्हणाला, "तुमच्या मालकांनी गेल्या आठवड्यात मयताला मारलं होतं, खरं का?"

खरं होतं. शेजाऱ्यांनी पाहिलं होतं.

३

गांगुर्डे तिथंच, निंबाखाली बाकावर बसले. त्यांनी कागद काढला नाही. विडीही पेटवली नाही. नुसतं विचारलं, "का मारलं होतं?"

"सावळ्या म्हणाला, बक्षीस घेताना माईक मागणार आहे. एका मोठ्या माणसाचं नाव घेणार आहे. यांनी विचारलं, कुणाचं? तो सांगेना. म्हणाला, आधी सांगितलं तर तुम्ही मला गाडीवर बसूच देणार नाही. हे घाबरले, साहेब. मोठ्यांच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून थोबाडीत दिली. रात्री स्वतःच रडले."

"माईक मागणार, हे आणखी कुणाला माहीत?"

"माईक ज्याच्या ताब्यात, त्याला विचारलंच असेल त्यानं."

गांगुर्ड्यांनी मान हलवली आणि चंदरला बोलावलं.

चंदर देवळ्याचा कांदेवाला. रॅलीत दुसरा आला होता. सावळीरामशी त्याची वर्षानुवर्षांची चढाओढ. दोनदा हातघाईवर आलेली, एकदा याचा दात पडलेला.

"माझ्यावर शक घ्या साहेब, घ्या," तो म्हणाला. डोळे सुजले होते. "गावात समदे घेतीलच. पण तो मना दोस्त शे, माझा दोस्त. दात पाडला तर काय झालं? दुसऱ्याकडून पाडून घेतला असता का मी?"

"शेवटचा कुठं दिसला?"

"त्याच्या गॅरेजासमोर. राणी उभी व्हती, शटर अर्धं खाली. म्या आरोळी दिली, अय सावळ्या, झोपला का?"

"शर्यत संपायच्या आधीच? थांबला कशाला?"

चंदरला इतक्या दुःखातही हसू आलं. "ही पळायची शर्यत नाय साहेब. नेमल्या वेळेला पोचायचं. उशिरा आला तरी गुण कापत्यात, लवकर आला तरी कापत्यात. ज्याच्याकडं वेळ उरला तो वाटेत थांबतो. सावळ्या दरसाल गॅरेजात थांबायचा, तोंड धुवायचा, मंग ऐटीत जायचा. समद्या मंडळाला ठाऊक. मी नाय थांबत. माझी बंद पडली तर देवच चालू करतो."

"मग तुम्ही त्याच्या पुढं गेलात. तरी तो पहिला?"

"टॉवेल घ्यायला म्या भाच्याच्या घरी वळलो, त्यात तो गेला पुढं. मैदानात मागोमागच आलो मी." चंदर घुटमळला. "एक सांगू? राणीचा गियर उजव्या पायात हाय. विलायती गाड्यांचं तसंच असतंय. आज रेषेपाशी तो डाव्या पायानं चाचपत व्हता. म्या म्हनलं, सावळ्या लय दमला."

"डाव्या पायात गियर असलेल्या जुन्या गाड्या कुणाच्या?"

"दोन-तीन हायेत. वाल्मीकरावांची चेक देशातली गाडी हाय की. पण ती हरसूलच्या बाजाराच्या दिवसापासून कुनी पाह्यली नाय. रंगाला मुंबईला पाठवली म्हनत्यात."

वाल्मीकराव शेवटी आले. सदरा तोच होता. खांद्यावरचं रक्त सुकून काळपट पडलं होतं. कॉलरीचं लालच होतं.

"घरी जाऊन बदला तरी," गांगुर्डे म्हणाले.

"नाही बदलणार." वाल्मीकरावांचा आवाज भरून आला. "सावळ्याचं रक्त आहे हे. संध्याकाळी शोकसभा ठेवली आहे मैदानावर. याच सदऱ्यानं उभा राहणार. लोकांना कळू दे, मेव्हण्यानं काय केलं ते."

"तो मैदानात पोचला तेव्हा आपण कुठं होता?"

"आडगाव नाक्याला. शेवटचं ठाणं माझ्याकडं होतं, पण नोंदीला पोरं बसवली होती. जीप घेऊन मागं राहिलेल्यांना बघत फिरत होतो. तो पोचल्यावर बऱ्याच वेळानं मैदानात आलो." त्यांनी सुलाबाईकडं पाहून हात जोडले. "ताई, मला त्याला जिवंत पाहताही आलं नाही."

सुलाबाईनं हात जोडले नाहीत. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

वाल्मीकराव गेल्यावर गांगुर्डे हळूच म्हणाले, "उद्या सकाळी तुमच्या मालकांना कोर्टात उभं करतील. आमच्या वरच्यांना तोवर कबुली हवी आहे. मी इथं बसलोय, आणि चौकीत दुसरे लोक ती काढतायत. कशी काढतात, ते विचारू नका."

"मला माझ्या भावाला बघायचंय," सुलाबाई म्हणाली.

"बघवणार नाही."

"लहानपणी आंघोळ मी घातलीय त्याला. मला बघवेल."

४

पांढरी चादर बाजूला झाली.

डोकं फडक्यानं बांधलं होतं. तोंड मात्र तसंच. धुळ्यापासूनची धूळ गालांवर बसलेली, गॉगलपुरती दोन गोल वर्तुळं स्वच्छ. जसं काही कुणी शाडूच्या मातीत दोन डोळे कोरावेत. सुलाबाईनं पदराचं टोक ओलं केलं. मग थांबली.

तिनं त्याची मान हातांनी वळवली. मानेवर धूळ होती. धुळीत घामाचे ओघळ, ओघळांत सुकलेलं रक्त. तिनं कानामागं पाहिलं. बनियनची कड ओढून पाठीवर पाहिलं. बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली.

"काय शोधताय?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"हळद."

"कसली हळद?"

"मी मूठभर भंडारा कोंबला होता याच्या मानेत. मुठीनं, साहेब. माझी नखं बघा, अजून पिवळी आहेत. इथं कणही नाही."

"धुतला असेल."

"धुतला असता तर धूळ गेली नसती का? धूळ ठेवून नुसती हळद कशी धुवायची?"

 गांगुर्ड्यांनी टोपी काढली. सुलाबाईनं आपले दोन्ही हात उजेडात धरले. हेच हात तिनं त्या मफलरवाल्या तोंडाभोवती ओवाळले होते. हेल्मेटला कुंकू लावलं होतं. औक्षवंत हो, असं मनात म्हटलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "मी ज्याला ओवाळलं, तो माझा भाऊ नव्हता."

५

गॅरेजात माशा अजून होत्या. शटर आतून ओढून घेऊन गांगुर्डे मधोमध उभे राहिले.

"सांगतो ते नीट ऐका, आणि कुठं चुकलो तर थांबवा," ते म्हणाले. "सावळीराम येतो. वेळ उरलाय. कोट, हेल्मेट, हातमोजे काढून गाडीच्या सीटवर टाकतो, तोंड धुवायला पिंपाशी वाकतो. मागून पाना बसतो. एकदा नाही, पुष्कळदा. मारणारा त्याचाच कोट चढवतो, मफलर बांधतो, मैदानात जातो, ओवाळून घेतो. परत येतो, राणी ठेवतो, कोट ठेवतो, मागच्या दारानं निघून जातो."

"सीटवर टाकला हे कशावरून?"

गांगुर्ड्यांनी खुंटीवरचा कोट उचलला. कोटावर रक्ताचा ठिपका नव्हता. पण कोटाखालच्या भिंतीवर शिंतोडे होते, पार सुकून तपकिरी झालेले.

"खून झाला तेव्हा खुंटी मोकळी होती," ते म्हणाले. "कोट नंतर टांगला गेला."

कॉलरीच्या आत पिवळंधमक होतं. सुलाबाईनं तिथं बोट टेकवलं आणि डोळे मिटले.

"म्हणजे हे सुटले," ती म्हणाली. "तो कोटवाला समोर होता तेव्हा हे माझ्या शेजारी तांब्या घेऊन उभे होते."

"तुम्ही बायको. तुमचं कोण ऐकणार? मला तो कोटवाला हवा." ते पिंपाशी वाकले. कडेला सोड्याचा साबण पडला होता, ग्रीस काढायचा, ओबडधोबड. त्याच्या भेगांत लाल फेस वाळला होता. गांगुर्ड्यांनी तो अंगठ्यानं चोळला, वास घेतला.

"आमच्या घरी भंडारा उधळत नाहीत," ते सावकाश म्हणाले. "पण हळद कुणाच्या घरी नसते? माझी आई धुणं धुताना वैतागायची. हळदीच्या डागाला साबण लागला की..."

"लाल होतो," सुलाबाई म्हणाली. आणि दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढं एकच कॉलर होती.

"त्यानं घाईनं मान धुतली," गांगुर्डे म्हणाले. "सदऱ्यावर लाल उमटलं. त्याला वाटलं, रक्त. जात नाही, घासावं तसं वाढतं. त्याच्या घरी धुणं दुसरंच कुणी धुतं, त्याला कुठून ठाऊक? तोवर उपरण्यानं झाकलं. मग रक्ताला कारण हवं. म्हणून भर गर्दीत मुडदा खांद्यावर."

"पण का, साहेब? माझ्या भावानं काय केलं होतं त्याचं?"

राणी कोपऱ्यात उभी होती, हँडलला लिंबू-मिरची लटकत होती. रोज पहाटे ताजं बांधायचं, अशी त्याला बहिणीचीच शपथ. सुलाबाई गाडीजवळ गेली. राणीच्या कुशीला हत्यारांची लोखंडी पेटी होती. मौल्यवान ते सगळं सावळ्या तिच्यात ठेवायचा. पाचवीत असताना प्रगतिपुस्तकही तिथंच लपवलं होतं. तिनं खिट्टी काढली. आत फडक्यात गुंडाळलेली दिव्याची चकचकीत रिंग होती. एका बाजूनं चेपलेली. चेपलेल्या खाचेत हिरव्या काचेचे तुकडे अडकले होते. बांगडीचे. आणि दोन काळे मणी.

"ही राणीची नाही," ती म्हणाली.

गांगुर्ड्यांनी रिंग उजेडात धरली. कडेला परक्या भाषेतली अक्षरं होती. "हरसूलच्या बाजारच्या दिवशी रस्त्यावर एक बाई मेली. भागीबाई. डोक्यावर नागलीचं गाठोडं होतं. फटफटीवाला उडवून पळाला. चिमणाबाई म्हणून म्हातारी आई आहे तिची. दर आठवड्याला चौकीच्या पायरीवर येऊन बसते, काही बोलत नाही." त्यांनी रिंग फडक्यात परत गुंडाळली. "चेक गाडीची ही रिंग इथं दुरुस्तीला आली होती. आणि तुमच्या भावानं खाच साफ केली नाही."

बाहेर भोंगा वाजू लागला. शोकसभा सुरू होत होती.

सुलाबाईनं हँडलचं लिंबू तोडलं, आणि औक्षणाच्या ताटात ठेवलं.

६

सूर्य पांडवलेण्यांकडं कलला होता. सकाळच्या त्याच पताका, तेच लोक, फक्त सनई बंद. व्यासपीठावर वाल्मीकराव माईकपाशी उभे होते, तोच सदरा घालून.

"हे रक्त बघा," ते म्हणत होते. "बहिणीच्या नवऱ्यानं सांडलेलं."

ताट घेऊन सुलाबाई पायऱ्या चढली. लोकांनी वाट दिली. तिला ओवाळायचंच आहे, असं कुणालातरी वाटलं असेल.

"दादा," ती म्हणाली, आणि माईकनं तिचा आवाज मैदानभर नेला, "हे खांद्यावरचं माझ्या भावाचं रक्त?"

"होय ताई."

"आणि हे कॉलरीचं?"

"तेही त्याचंच."

तिनं लिंबू दातानं फोडलं आणि आधी खांद्यावर पिळलं. काळा डाग काळाच राहिला. मग कॉलरीवर पिळलं. लाल डाग क्षणभर ओला झाला, आणि लोकांच्या देखत पिवळा पडू लागला. आधी कड, मग मध्य. खंडेरायाच्या भंडाऱ्यासारखा पिवळा.

पुढच्या रांगेतल्या बायकांना पहिल्यांदा कळलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, हळद हाय ती."

"आज मी एकाच माणसाच्या मानेत हळद घातली," सुलाबाई म्हणाली. "राणीवरच्या माणसाच्या. माझ्या भावाच्या अंगावर तिचा कण नाही. तुम्ही आडगावला होता ना, दादा? त्याला जिवंत पाहिलंच नाही ना? मग माझी हळद तुमच्या गळ्यात कशी आली?"

वाल्मीकरावांनी कॉलर चाचपली. बोटं पिवळी झाली. ते बोटांकडं बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा बदलला, की सुलाबाईला सकाळच्या गॉगलमागचा माणूस दिसला.

त्यांनी टेबलावरचा पितळी चषक उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. ती वळली म्हणून वाचली. चषक कानशिलावर बसला. कान फाटला, ती कोसळली. वाल्मीकरावांनी तो पुन्हा उगारला, तोच चंदरनं बैलासारखी मुसंडी मारून त्यांना फळ्यांवर पाडलं आणि गुडघा छातीवर ठेवून ठोसे हाणू लागला. नाक मोडल्याचा आवाज माईकवर ऐकू आला. खालून लोक चढू लागले. सकाळचीच माणसं, सकाळच्याच मुठी. कुणाच्या तरी हातात चेन होती.

"थांबा," सुलाबाई म्हणाली.

ती हाताच्या आधारानं उठली. कानातून रक्त पदरावर ठिबकत होतं. तिनं माईकच्या दांड्याला धरलं.

"त्याचं तोंड फोडू नका. त्याच तोंडानं त्याला बोलायचंय."

गांगुर्डे तोवर वर आले होते. काठी आडवी धरून त्यांनी चंदरला मागं ढकललं. मग फडकं सोडून रिंग वाल्मीकरावांच्या डोळ्यांपुढं धरली. "ही राणीच्या पेटीत होती. तुम्ही तिच्यावर बसून मैदानात आलात आणि परत गेलात, वाल्मीकराव."

वाल्मीकराव रक्त थुंकले. "गॅरेज सगळं उचकलं होतं मी," ते हळू म्हणाले. "जीप मागच्या गल्लीत लावून वाट पाहत होतो तेव्हाच. त्याला म्हटलं, सावळ्या, रिंग दे, विसरून जा. म्हणाला, मैदानात जायच्या आधी चौकीत चला, मी बरोबर येतो. आणि पाठ करून तोंड धुवायला वाकला." ते हसल्यासारखे झाले. "एका गाठोडेवालीसाठी. नावसुद्धा माहीत नव्हतं मला तिचं."

 सुलाबाईनं माईक जवळ ओढला. वर्गात हजेरी घ्यावी तसं तिनं स्पष्ट सांगितलं, "तिचं नाव भागीबाई. हरसूलची. माझा भाऊ आज इथं हेच सांगणार होता."

७

दिवेलागणीला भिकनला सोडलं. तो चालू शकत नव्हता. तळपाय सुजून फुगले होते. सुलाबाईनं त्याचा हात खांद्यावर घेतला. तिच्या कानाला पट्टी, त्याच्या ओठाला टाके. चौकीच्या पायरीवर दोघं बसली, धर्मशाळेत बसावीत तशी.

"तू मला पाठवलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस," भिकन फाटक्या तोंडानं म्हणाला. "मी नसतो गेलो, तर दुसऱ्या कुणाला धरलं असतं."

 ती त्याच्या पायांवर फुंकर घालत राहिली.

गांगुर्डे बाहेर आले. हातात चामडी कोट होता, त्यावर चिठ्ठी टाचलेली. "हा खटला संपेपर्यंत आमच्याकडं राहील," ते म्हणाले. "पण आतल्या खिशातली ही वस्तू... मी खूप विचार केला. ही पुराव्याची नाही. ही तुमची आहे."

त्यांनी मूठ उघडली. पितळी नट होता. इंदूर ते नाशिक, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर कोटाला घासून घासून आरशासारखा केलेला.

म्हणजे सकाळी तो ताटापासून वीतभर अंतरावरच होता. मारणारा तो छातीशी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला, आणि त्याला ठाऊक नव्हतं की ओवाळून घेतल्यावर खिशात हात घालायचा असतो.

सुलाबाईनं ताट पुसलं. पिळलेलं लिंबू बाजूला ठेवलं, नट मधोमध ठेवला, आणि विझलेल्या निरांजनाला भिकनजवळची काडी लावली. ज्योत थरथरली, मग उभी राहिली. ती कुणाला ओवाळत नव्हती. नुसती आग्रा रोडकडं तोंड करून बसली होती.

*धुळीचा लोट गेला, धुळीत नव्हता भाऊ,*
*ताटात त्याची खूण, ज्योती, तू नको जाऊ.*